बंद कॅबिनेट घेतलं की कॉम्प्युटर शांत होतो, हे खरं नाही

नवा डेस्कटॉप जुळवायला घेतला की एक सल्ला हमखास मिळतो: "आवाज नको असेल तर पुढून बंद, आतून फोम लावलेलं कॅबिनेट घे. जाळीचं घेतलंस तर सगळा आवाज बाहेर येईल. आणि फॅन कमीत कमी लाव." ऐकायला पटतो, म्हणून पसरतोही. पण या सल्ल्यापायी लोक जास्त पैसे मोजून जास्त आवाजाचं मशीन घरी आणतात, याचं वाईट वाटतं.

"बंद कॅबिनेट आवाज अडवतं." हवा खेळायला भोकं ठेवावीच लागतात, आणि आवाज तिथूनच निसटतो. कॅबिनेटचा १० टक्के भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचे पत्रे कितीही जाड करा, आवाज फार तर १० डेसिबलने घटेल. शिवाय पुढच्या बंद दाराच्या कडेच्या अरुंद फटीतून हवा ओढायची म्हणजे फॅनला जोर लावावा लागतो. फॅनचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. म्हणजे वेग नुसता १.६ पट झाला, तरी दाराने वाचवलेले १० डेसिबल गेले! आत ३०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड तापत असेल, तर ही वेळ यायला उशीर लागत नाही.

"फोम आवाज शोषून घेतो." बारीक शिटीसारखा आवाज घेतो, कॉइल व्हाइनही (वीज वाहताना आतल्या कॉइलमधून येणारी चीं-चीं) थोडी दबते. घरघर मात्र तशीच राहते. सात पात्यांचा फॅन १२०० आरपीएमवर (मिनिटाला १२०० फेरे) फिरला की १४० हर्ट्झचा सूर निघतो, त्याची तरंगलांबी जवळजवळ अडीच मीटर. काही मिलिमीटर फोमने त्याला काय होणार? पत्र्याला आतून चिकटवायच्या डांबरी शीटचं काम वेगळं: ती वजनाने पत्र्याची थरथर दाबते, आणि पातळ पत्र्यावर तिचा खरंच उपयोग होतो. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असेल तर तिची १२० हर्ट्झची गुणगुण स्क्रूंमधून पत्र्यात उतरते. तिथे रबरी वॉशर लावणं कधीही बरं.

"फॅन कमी, आवाज कमी." एकसारखे दोन फॅन एकाच वेगाने फिरवले तर एकापेक्षा आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. आणि दोन असले की प्रत्येकाला निम्म्या वेगाने फिरवून जवळपास तेवढीच हवा मिळते. १५ घटले, ३ वाढले, १२ डेसिबलचा फायदा. अट एकच, वाट मोकळी हवी. कारण निम्म्या वेगाला फॅनचा दाब पाव होतो. जाळी हवी ती यासाठी. ती पात्यांना अगदी खेटून मात्र नको, नाहीतर तीच गुणगुणायला लागते. आणि धुळीचा फिल्टर वेळच्या वेळी साफ करा.

फक्त टायपिंग, ब्राउझिंग एवढंच काम असेल तर बंद कॅबिनेटही चालेल, कारण तेव्हा फॅन तसेही हळू फिरतात.

हा समज टिकण्याचं कारण मला असं दिसतं: मशीन जड काम करत असताना लोक दार क्षणभर उघडतात, आवाज वाढलेला ऐकतात आणि लगेच लावून टाकतात. दार दहा मिनिटं उघडं ठेवा. तापमान उतरू द्या, फॅनचा वेग आपोआप खाली येऊ द्या, आणि मग ऐका.