सुई टाळली तर एआय तपासणार काय?

माझ्या आत्याच्या डाव्या स्तनातील गाठीची कोअर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणे, ठरली होती. ती तिने परस्पर रद्द केली आणि तीन आठवडे घरात कोणाला कळूही दिले नाही. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा तो संदेश माझ्याकडेही दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला होता, याची चुटपुट आता लागून राहिली आहे.

'बायोप्सीला नाही म्हणा!' असा मथळा असलेल्या त्या संदेशात पाच दावे आहेत. गाठीला सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. एआय आता ९९.४ टक्के अचूकपणे कॅन्सर ओळखते, त्यामुळे तुकडा काढण्याची गरज उरलेली नाही. रक्ताचा एक थेंब पुरतो. परदेशात पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरांना, घरी बसवले आहे. आणि आपल्याकडचे डॉक्टर पैशासाठी हे सारे दडवून ठेवतात. आत्याने यातून घेतलेला अर्थ एका वाक्याचा होता : "अगं, कॉम्प्युटरला नुसतं दाखवलं तरी कळतंय म्हणे, मग सुई कशाला टोचून घ्यायची?"

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याची स्लाइड बनवणे हे माझे रोजचे काम. म्हणून दुसऱ्या दाव्यापासूनच सुरुवात करते. तो वाचून मला आधी हसू आले आणि मग संताप.

संदेशात ९९.४ या आकड्याचा उगम दिलेला नाही, पण तो बहुधा नेदरलँड्समधील संशोधकांनी भरवलेल्या 'कॅमेलिऑन १६' या एआय प्रोग्रॅमच्या स्पर्धेच्या निष्कर्षांतून उचललेला असावा. हे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यातील सर्वोत्तम प्रोग्रॅमचा गुणांक ०.९९४ होता. प्रोग्रॅमना शिकण्यासाठी २७० स्लाइड दिल्या गेल्या आणि परीक्षेसाठी १२९. या स्लाइड कशाच्या होत्या, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेच नाही. त्या स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रिया करून काढलेल्या लिम्फ नोडच्या (लसिकाग्रंथींच्या) होत्या. म्हणजे कॅन्सर आहे की नाही, हा तेथे प्रश्नच नव्हता. तो लिम्फ नोडपर्यंत पोहोचला आहे का, एवढेच शोधायचे होते. जो आकडा बायोप्सी नको म्हणून मिरवला जातो, तो शरीरातून काढलेल्या तुकड्यांवरच मिळवलेला आहे. तांदूळ न घेता भात शिजवायला निघावे, तसा हा युक्तिवाद आहे.

शिवाय ०.९९४ म्हणजे 'शंभरातल्या ९९.४ जणांचे निदान बरोबर' असेही नव्हे. कॅन्सर असलेली एक आणि नसलेली एक अशा दोन स्लाइड कोणत्याही उचलल्या, तर कॅन्सर असलेल्या स्लाइडला प्रोग्रॅम किती वेळा जास्त गुण देतो, याचे ते माप आहे. प्रत्यक्ष रुग्णाला 'हो' किंवा 'नाही' सांगायचे तर कोणत्या गुणावर रेघ मारायची ते ठरवावे लागते, आणि ती रेघ इकडे सरकवली तर काही कॅन्सर निसटतात, तिकडे सरकवली तर निरोगी माणसे धास्तावतात.

आता यातला खरा भाग मान्य करते, जरा जिवावर येते तरी. त्याच अभ्यासात ११ पॅथॉलॉजिस्टना सगळ्या १२९ स्लाइड साधारण दोन तासांत पाहायला सांगितले होते, म्हणजे एका स्लाइडला मिनिटही नाही. त्यांचा सरासरी गुणांक ०.८१० आला आणि प्रोग्रॅमने त्यांना सहज मागे टाकले. वेळेचे बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टने तब्बल ३० तास घेतले आणि ०.९६६ गुणांक मिळवला. ज्या टेबलावर संध्याकाळी शंभर स्लाइडचे ट्रे साचलेले असतात, तेथे न थकणारी दुसरी नजर मिळाली तर ती हवीच आहे. ती येऊ नये असे म्हणणारा पॅथॉलॉजिस्ट मला तरी अजून भेटलेला नाही.

पण त्या नजरेला पाहायला काहीतरी लागते. तुकडा आला की तो फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे पेशी कुजू न देणाऱ्या द्रावणात, पक्का होऊ द्यायचा, कॅसेट नावाच्या छोट्या डबीत घालून रात्रभर प्रोसेसर यंत्रात ठेवायचा, सकाळी वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करायचा, तो थंड करून मायक्रोटोम या कापणी यंत्रावर तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, घ्यायचे. पात्याखालून मेणाची रिबन निघते, ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या हळूहळू सुटतात, आणि नेमक्या त्या क्षणी काच तिरकी बुडवून सेक्शन अलगद उचलावा लागतो. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांचे स्टेनिंग : पेशींची केंद्रके निळी-जांभळी, बाकीचे गुलाबी. एवढे झाल्यावर स्लाइड स्कॅनरमध्ये जाते, आणि एआयचे काम तेथून सुरू होते. सेक्शनला घडी पडली, बुडबुडा राहिला किंवा रंग फिका उतरला, तर त्याच्यापुढेही तीच घडी आणि तोच बुडबुडा येतो.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याकडे बाहेरगावच्या एका छोट्या रुग्णालयातून स्तनाच्या गाठीचे कोअर (सुईने काढलेले तुकडे) आले, तेही फॉर्मेलिनऐवजी सलाइनमध्ये बुडवून, एक दिवस प्रवास करून. पेशी कुजून विरघळल्या होत्या. 'नमुना निदानास अयोग्य' असा रिपोर्ट गेला आणि त्या बाईंना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. जगातला कोणताही प्रोग्रॅम त्या स्लाइडवर काही वाचू शकला नसता.

रंगावरून आठवले. 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये २०२१ साली आलेल्या एका अभ्यासात 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास' या अमेरिकेतील मोठ्या संग्रहातल्या स्लाइडचा माग घेतला आहे. स्लाइड कोणत्या रुग्णालयातून आली, हे एआयला तिच्या चित्रावरून ओळखता येत होते, कारण प्रत्येक ठिकाणी तुकडा पक्का करण्याची, रंग देण्याची आणि स्कॅन करण्याची पद्धत वेगळी पडते. त्यामुळे प्रोग्रॅम पेशींऐवजी रुग्णालयाची खूण पाठ करून चांगले गुण मिळवू शकतो, आणि नव्या ठिकाणी नेला की चाचपडतो. डच स्लाइडवर पहिला आलेला प्रोग्रॅम कराड-सांगलीच्या स्लाइडवर तितकाच चालेल, हे तेथे तपासूनच ठरवावे लागेल.

आता सर्वांत घातक दावा, सुईने कॅन्सर पसरण्याचा. आत्याने बायोप्सी रद्द केली ती याही धास्तीने. 'बायोप्सी केली आणि दोन महिन्यांत सगळीकडे पसरला' ही गोष्ट प्रत्येक घरात कोणाच्या तरी नावावर सांगितली जाते. बायोप्सीनंतर स्कॅन होतात, स्कॅनमध्ये आधीपासून पसरलेला रोग पहिल्यांदा दिसतो, आणि दोष सुईवर येतो. कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी या भीतीची थेट तपासणी केली, आणि तीही स्वादुपिंडाच्या म्हणजे अतिशय आक्रमक कॅन्सरवर. शस्त्रक्रिया झालेल्या २,०३४ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यांपैकी ४९८ जणांची आधी सुईने तपासणी झाली होती. निष्कर्ष २०१५ मध्ये 'गट' या नियतकालिकात आले : सुई लावलेल्यांचा जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २२ महिने, न लावलेल्यांचा १५. सुईमुळे आयुष्य वाढते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पण सुईमुळे रोग भडकत असता, तर हा आकडा उलटा दिसायला हवा होता.

मात्र 'सुईच्या वाटेने पेशी कधीच जात नाहीत' असे ठासून सांगणारेही चूक करतात, आणि अशा ठासून सांगण्यामुळेच लोकांचा विश्वास उडतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या मार्गावर गाठ उद्भवल्याच्या नोंदी आहेत. २००८ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण २.७ टक्के निघाले. म्हणून सिरॉसिस (यकृत वण पडून निबर होण्याचा आजार) असलेल्या रुग्णात विशिष्ट प्रकारच्या सीटी किंवा एमआरआयवरून यकृताचा कॅन्सर निश्चित होत असेल, तर बहुतेकदा बायोप्सी टाळतात. वृषणाच्या संशयित गाठीला वृषणकोशातून सुई घालत नाहीत. सार्कोमात (हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कॅन्सरमध्ये) सुईचा मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकता येईल असा आखतात. म्हणजे जेथे धोका आहे तेथे तो डॉक्टरांना ठाऊक आहे आणि त्यानुसार नियमही आहेत. स्तनाच्या गाठीची कोअर बायोप्सी ही जगभरची नेहमीची पद्धत आहे, आणि ती त्या अपवादांत मोडत नाही.

रक्ताच्या थेंबाबद्दल फार लिहीत नाही. थेंबाचे सोडा, नळ्या भरून रक्त घेणाऱ्या 'गॅलेरी' या बहुचर्चित चाचणीच्या 'पाथफाइंडर' अभ्यासात ६,६२१ जणांपैकी ९२ जणांच्या रक्तात कॅन्सरचा संकेत मिळाला आणि पुढील तपासण्यांअंती त्यांतल्या ३५ जणांनाच कॅन्सर निघाला. उरलेले ५७ जण विनाकारण धास्तावले. आणि संकेत मिळाल्यावर खात्री करायची, तर स्कॅन आणि बायोप्सीच्याच दारात जावे लागते.

पॅथॉलॉजिस्टना घरी बसवल्याचा दावाही असाच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२१ मध्ये 'पेज प्रोस्टेट' या प्रोग्रॅमला मान्यता दिली. कॅन्सर शोधणाऱ्या पॅथॉलॉजीतील एआयला मिळालेली ही पहिली मान्यता. तिचा आधार असलेल्या अभ्यासात १६ पॅथॉलॉजिस्टनी ५२७ स्लाइडची चित्रे पाहिली, आणि प्रोग्रॅमच्या मदतीने कॅन्सर पकडण्याचे प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी सुधारले. मान्यता आहे ती पॅथॉलॉजिस्टला मदत म्हणून वापरण्याची, आणि तीही प्रोस्टेटच्या बायोप्सीच्या स्लाइडवर. पुन्हा बायोप्सीच!

डॉक्टर पैशासाठी दडवतात, या आरोपाला एवढेच उत्तर पुरे की वर दिलेले सारे आकडे डॉक्टरांनीच छापून ठेवलेले आहेत. खासगीत बायोप्सीचा खर्च जड जातो आणि रिपोर्ट लांबतो, या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. त्या करायलाच हव्यात.

आत्याला यातले आकडे मी सांगितले नाहीत. तिला एवढेच सांगितले, की गाठ साधी असेल तर सुईच तिला मोकळे करील. आणि कॅन्सर असेल तर ईआर, पीआर (हॉर्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिने) आणि हर-टू (पेशींची वाढ चेतवणारे प्रथिन) या चाचण्या त्याच तुकड्यावर करून हॉर्मोनवरच्या गोळ्या द्यायच्या, की हर-टूवरचे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध, की आणखी काही, हे ठरते. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने दुखते का ते विचारले. जागा बधिर करतात, टिचकी वाजल्यासारखा आवाज होतो, दोन-चार दिवस काळेनिळे राहते, असे खरे ते सांगितले.

येत्या मंगळवारी बायोप्सी आहे. आतेभावाला दोन कामे दिली आहेत : बाटलीत सलाइन नाही, फॉर्मेलिन आहे, याची खात्री करायची, आणि कोअर त्यात किती वाजता टाकले, ती वेळ नमुन्यासोबतच्या फॉर्मवर लिहून घ्यायची.