बर्फ बारा महिने

परवा वाड्यावरच्या ग्रुपवर कुणीतरी भारताच्या आइस हॉकी संघाची क्लिप टाकली. आपला गोलकीपर गोलवर गोल खातोय. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि एकाने लिहिलेलं, ‘बर्फ नाही त्या देशाने हे खेळावं कशाला?’ मला राहवलं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

मी गोव्यातल्या बेतीचा. मालीम जेटीकडच्या बर्फाच्या कारखान्यात २२ वर्षं ऑपरेटर आहे. बाहेर मे महिन्याचा घाम निथळत असतो आणि टाकीतल्या मिठाच्या पाण्याचा काटा उणे दहावर. पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे त्यात उभे. गोठलेला डबा उचलून साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते आणि फळीवरून सरकत येते, काचेसारखी, फक्त पोटात एक पांढरी रेघ. तेव्हा बर्फाला थंड हवाच लागते, असं निदान मला कुणी सांगू नये. त्याला मशीन लागतं आणि न जाणारी वीज लागते. हॉकीची रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, तीही अशीच चालते. काँक्रीटमध्ये नळ्या, त्यांतून थंडगार द्रव फिरतो, वर पाण्याचे पातळ थर गोठवतात. ६० बाय ३० मीटर, जाडी तीन सेंटिमीटर धरली तर सुमारे ५० टन बर्फ. आमच्या कारखान्याचं दोन दिवसांचं काम. खरा खर्च तो टिकवण्याचा.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत लेहला गेलो होतो. तिथल्या गोठलेल्या तळ्यावर पोरं खेळत होती. आदल्या रात्री मोठ्यांनी पाणी ओतून बर्फ सपाट केलेला. दहा-बारा वर्षांची एक मुलगी कडेला बसून मोठ्या बहिणीच्या स्केट्समध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होती, पाय घट्ट बसावा म्हणून. मी गोव्यात बर्फ करतो म्हटल्यावर तिने मान वर करून विचारलं, ‘बारा महिने?’ मी हो म्हटलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिचा बर्फ फेब्रुवारीत वितळायला लागतो.

आपल्या संघात बहुतेक याच भागातली मुलं आहेत. वर्षातले दोन-अडीच महिने सराव, आणि सामने मार्चमध्ये किंवा त्यानंतर, वाळवंटातल्या नाहीतर उष्ण देशांतल्या बंदिस्त रिंकवर. २००९ साली पुरुष संघ अबू धाबीला चॅलेंज कप ऑफ एशिया या आशियाई आइस हॉकी स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि हरून परतला. महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला गेला तो लोकांनी वर्गणी काढून दिली म्हणून. तिथे एकही सामना जिंकता आला नाही. आपण वाईट खेळतो हे मी नाकारत नाही. पास चुकतात, वळताना तोल जातो, आणि ते बघताना माझाही जीव तुटतो. पण आमच्याकडे ट्रॉलरबंदीचे, म्हणजे पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे, ६१ दिवस मशीन बंद ठेवलं तर ऑगस्टमध्ये टाकी पुन्हा थंड करताना आमची दमछाक होते. हे पोरांचे पाय आहेत, नऊ महिने बर्फाशिवाय राहिलेले.

राग येतो तो डेहराडूनचा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे बंदिस्त रिंक बांधली. मग विजेचा खर्च झेपेना म्हणून ती वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात सरावाविना किती मुलांचं खेळायचं वय निघून गेलं असेल! विजेचं बिल मला ठाऊक आहे, दर महिन्याला बघतो. मोठं असतं. पण देशाचा संघ पाठवायचा तर ते भरावं लागतं.

आणि फिलिपिन्स बघा. आपल्या गोव्यासारखाच दमट, नारळाचा देश. तिथली मुलं मॉलमधल्या रिंकवर शिकली आणि २०१७ च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत त्यांच्या पुरुष संघाने सुवर्ण नेलं. त्याच वर्षी बँकॉकमध्ये याच फिलिपिन्सच्या महिलांना आपल्या मुलींनी ४-३ ने हरवलं होतं, आपल्या मुलींचा तो पहिला विजय. आणि २०२५ च्या जूनमध्ये, यूएईतल्या अल ऐनमध्ये, महिला आशिया कपचं कांस्य आपल्या मुलींनी आणलं. ते किती जणांना माहीत आहे?

तेव्हा ती क्लिप पुढे पाठवू नका, एवढीच विनंती. त्या कांस्यपदकाचा फोटो शोधा आणि तो टाका ग्रुपवर. मी आत्ताच टाकलाय.