‘पाच रामबाण उपायां’तला तिसरा उपाय जिवावर बेतेल

‘एअरब्रशच्या प्रत्येक अडचणीवर पाच रामबाण उपाय’ असा एक मेसेज सध्या प्लास्टिकची छोटी मॉडेलं जोडून रंगवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. (एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेनाएवढं यंत्र.) परवा तो माझ्या नववीतल्या भाच्यापर्यंत पोचला. 1:72 प्रमाणातलं मिग-21 विमान रंगवायला घेतलेल्या पोराने मेसेज वाचून खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, आणि नशीब, ट्रिगर दाबायच्या आधी फोन केला, “मामा, एन95 आहे माझ्याकडे. चालेल ना?”

नाही चालणार.

मेसेज थोडक्यात असा. एक, नोझल अडकलं की रंग आणखी पातळ करा आणि हवेचा दाब 40 पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) न्या. दोन, रंग पातळ करायचा, हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर कुठल्याही रंगात चालतो. तीन, धूळ बसू नये म्हणून खिडक्या आणि पंखा बंद करून फवारा, तोंडाला ओला रुमाल किंवा एन95 पुरे. चार, प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) म्हणजे कंपन्यांनी पैसे उकळण्याचा धंदा. पाच, पावसाळ्यात रंग पांढरट पडला तर थिनर वाढवा.

तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर मॉडेल वाया जाईल.

एनसी थिनरमध्ये बहुधा टोल्युइन हे द्रावक असतं, जोडीला ॲसिटोनसारखी इतर द्रावकं. एन95 कण अडवतो, वाफ नाही. रंगाचे तुषार त्यात अडकतील, टोल्युइन सरळ आत जाईल. ओल्या रुमालाचं तर विचारूच नका. टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग तो रुमाल अडवणार काय? अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेची रासायनिक धोक्यांची पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे, कुणीही उघडून बघावी. टोल्युइनसाठी तिथे दिवसभराच्या सरासरीची मर्यादा 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) दिली आहे, पंधरा मिनिटांसाठी 150, आणि 500 ला जीव तातडीने धोक्यात. आता 10 बाय 10 ची, 10 फूट उंच खोली घ्या. गणित केलं तर तिच्यात जेमतेम 12 मिलिलिटर टोल्युइनची वाफ झाली की 100 पीपीएम होतात. रंगात घातलेला थिनर आणि नंतर एअरब्रश धुताना त्याच्या रंगाच्या कपात ओतून फवारून टाकलेला थिनर, दोन्ही धरा. तेही सगळं मॉडेलवर वाकलेल्या नाकासमोर! डोकं जड होणं, गरगरणं ही सुरुवात. त्याच पुस्तिकेत मज्जासंस्था, यकृत आणि मूत्रपिंडं यांची नावं आहेत.

वर आगीचा धोका आहेच. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण 4 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ते पेट घेण्याजोगी वाफ सोडत असतं. ही वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. बंद खोली, कॉम्प्रेसरचा स्विच, शेजारच्या स्वयंपाकघरात पेटलेला गॅस. हे सगळं का, तर पंखावर धुळीचा एक कण बसू नये म्हणून! धूळ बसली तर रंग वाळल्यावर 2000 च्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने निघते. खिडकी उघडा, हवा बाहेर फेकणारा बूथ लावा, आणि सेंद्रिय वाफांसाठीची कार्बन काडतुसं असलेला मास्क चेहऱ्याला नीट बसवून घाला. मुलं असतील तर एनसी थिनर घरात आणूच नका.

दुसरा मुद्दा निव्वळ अज्ञान आहे. वाय्येहो (Vallejo) कंपनीच्या, पाण्याने पातळ होणाऱ्या ॲक्रिलिक रंगात एनसी थिनर घालून बघा. कपातच रंग फाटतो, चिकट गोळे आणि धागे तयार होतात, आणि 0.3 मिलिमीटरच्या नोझलमध्ये ते असे बसतात की सुई मागे ओढता येत नाही. तामिया कंपनीच्या ॲक्रिलिकला तामियाचाच एक्स-20ए थिनर घ्या. त्यातला ‘ए’ विसरून एक्स-20 आणू नका, तो इनॅमलचा आहे. शिवाय किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन. एनसी थिनर जास्त ओला बसला की ते मऊ पडतं, पॅनल लाइन्स (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेषा) बुजतात आणि पारदर्शक कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकावरच्या काचेवर, बारीक तडे जातात. तशी कॅनॉपी पुन्हा स्वच्छ होत नाही. एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला तो चांगला, एवढं खरं. पण तेव्हाही रबरी ओ-रिंग त्यात भिजत ठेवू नका.

पहिल्या मुद्द्यातलं अर्धं मान्य करावं लागतं. बऱ्याच तक्रारींचं मूळ घट्ट रंगच असतो. तो दुधाइतका पातळ हवा. पण 40 पीएसआय म्हणजे आगीतून फुफाट्यात. पातळ रंग जवळून एवढ्या दाबाने मारला की तो पृष्ठभागावर चहूकडे पळतो, त्याला फाटे फुटतात. लांबून मारला तर वाटेतच वाळून खरखरीत बसतो. सुईच्या टोकावर ॲक्रिलिक वाळत असेल तर जास्त हवेने ते आणखी लवकर वाळतं. तामियासाठी 15 ते 20 पुरे. टोक ओल्या ब्रशने अधूनमधून पुसा, रंगात थेंबभर रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव) घाला. कपात बुडबुडे येत असतील तर रंगाला दोष देऊ नका. नोझल नीट बसलेलं नाही, चिरलंय किंवा टोकाशी अडकलंय, म्हणून हवा उलटी कपात येते. पाना जोरात फिरवला की ते चिमुकलं नोझल चिरतंच.

प्रायमरचं म्हणाल, तर एकाच रंगाच्या लहान मॉडेलवर तामिया किंवा मिस्टर कलर (थिनरमध्ये बनवलेला लॅकर रंग) त्याच्याशिवाय निभावतात. वाय्येहो नाही निभावत, मास्किंग टेप काढताना पापुद्रा हातात येतो. रंगवण्याआधी भाग भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल जाऊ द्या.

राहिला पावसाळा. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं, म्हणून लॅकर पांढरट दिसतो. अजून थिनर घातला की अजून गार. रिटार्डर असलेला सावकाश उडणारा थिनर वापरा, नळीला पाणी अडवणारा ट्रॅप लावा आणि मुंबईत-कोकणात जुलैचे दिवस असतील तर उघडीप मिळेपर्यंत थांबा.

हा मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी निदान तिसरा मुद्दा चुकीचा असल्याचं त्याच ग्रुपवर आजच्या आज लिहा. तिथे शाळेतली मुलंही आहेत.