फाइल मागायची तरी कुणाकडे?

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर जर्मनी पुन्हा पेटली आहे. 2021 साली बर्लिनमध्ये एका गुजराती जोडप्याची सात महिन्यांची मुलगी तिथल्या बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. आई-वडिलांवरचा फौजदारी तपास पुढे बंद झाला, तरी 2023 मध्ये कोर्टाने ताबा खात्याकडेच दिला. राग येण्यासारखीच गोष्ट आहे, मलाही आला. पण ग्रुपवर हा राग दोन मेसेजांत कुठे जाऊन पोचतो बघा : ‘गोऱ्यांना कुटुंब म्हणजे काय ते ठाऊक नाही. आपल्याकडे आजी आहे, मामा आहे, आत्या आहे. फॉस्टर केअरचं फॅड आपल्याला हवंय कशाला?’ सांगलीच्या आमच्या वकील मित्राने तर सरकारी देखरेखीतल्या मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी मागितलेल्या माफीची बातमीच पुरावा म्हणून टाकली. वर मला टोमणा, ‘काय मॅडम, तुमच्या स्वर्गात हे चालतं?’

चालायचं. न्यूझीलंडमध्ये मी राहते त्या लोअर हट गावातच इपुनी बॉइज होम हे मुलांचं सरकारी सुधारगृह होतं. घरातून उचललेली, पालक-घरांतून (फॉस्टर होममधून) परत आलेली, नुसती शाळा बुडवणारी मुलंसुद्धा तिथे डांबत. त्यांत इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरी मुलं लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. उत्तरेला लेक अ‍ॅलिसच्या मनोरुग्णालयात सत्तरच्या दशकात मुलांना भूल न देता विजेचे झटके दिले जात, शिक्षा म्हणून. तो छळच होता हे सरकारने कबूल केलं 2024 मध्ये. 2018 मध्ये चौकशी आयोग बसला. त्याचे पहिले अध्यक्ष सर आनंद सत्यानंद, फिजीहून आलेल्या भारतीय घरातले. एरवी कुठल्याही कंपनीत आपला माणूस वर चढला की ग्रुपवर पेढे वाटतात. हे नाव मात्र कुणाला दिसलं नाही. सहा वर्षं आयोगाने माणसांना बोलू दिलं. दोन हजारांहून जास्त पीडितांचं म्हणणं नोंदवलं. जुलै 2024 मध्ये अहवाल आला : 1950 ते 2019 या काळात सरकारच्या आणि चर्चच्या देखरेखीखाली राहिलेल्या सुमारे 6 लाख 55 हजार जणांपैकी अंदाजे 2 लाख जणांवर अत्याचार झाले. पन्नास लाखांच्या देशात!

वकील मित्राला हा आकडा म्हणजे गोऱ्यांच्या संस्कृतीची लाज वाटते. मला त्यात दुसरंच दिसतं. हा आकडा काढता आला, कारण मोजायला काहीतरी होतं.

मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. एक गृहस्थ यायचे, साठी ओलांडलेले, लॉन मोइंगचा धंदा. ओरांगा तामारिकीकडून, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याकडून आलेली स्वतःची फाइल त्यांना स्कॅन करायची होती. जाडजूड गठ्ठा, पानापानावर काळे पट्टे ओढून झाकलेल्या ओळी. स्वतःच्याच बालपणातलं काय वाचायचं हेही खात्याने ठरवलेलं! सहाव्या वर्षी ते वायरारापातल्या एका शेतावर पालक-घरी गेले, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या घरी, मग इपुनीला. शेतावरचा बाप चाबकाने मारायचा. खात्याची बाई अधूनमधून भेटीला यायची आणि त्या बापासमोरच विचारायची, बरं चाललंय ना रे तुझं? पोरगा मान हलवायचा. फाइलीत तिच्या हातचं वाक्य आहे : मुलगा चांगला रुळला आहे. ते वाक्य त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचायला ते चाळिशीत शिकले होते, जेलमध्ये.

‘आयुष्य पुन्हा उभं केलं’ असं आपण झटकन लिहून मोकळे होतो. या माणसाने ते कसं उभं केलं? घरात दोन फ्रीझर, दोन्ही कायम गच्च भरलेले. नातवंडांपैकी कुणी ताटात टाकलं तर रागवायचं नाही, हा त्यांचा नियम. कुठेही बसले तरी दाराकडे पाठ नाही. पहिलं लग्न मोडलं, दारू सुटली, दुसरी बायको टिकली. मुलीच्या शाळेत पालकसभेला मात्र कधी गेले नाहीत, कारण हातात फाइल घेतलेली बाई समोर आली की घशाला कोरड पडायची.

12 नोव्हेंबर 2024 ला पंतप्रधान लक्सन यांनी संसदेत माफी मागितली. पण सरकारच्या वकिलांच्या प्रमुख बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा जमलेल्या पीडितांनी हुर्यो उडवली, कारण ज्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात आपल्याला खोटं पाडायला बघितलं त्यांच्याकडून सॉरी कोण ऐकून घेणार? भरपाईसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारा असं आयोगाने सांगितलं होतं. सरकारने 2025 मध्ये ते नाकारलं आणि आहे त्याच व्यवस्थेत सरासरी रक्कम 19 हजार डॉलरवरून 30 हजार केली. चिकटपणाच आहे हा. बरं, अहवाल आला त्याच महिन्यात गुन्हेगार पोरांसाठी लष्करी शिस्तीचं शिबिर सुरू केलं. इथे स्वर्ग आहे असं मी कधी म्हटलं?

मी म्हणते ते इतकंच, की त्या गृहस्थांना जाब विचारायला दार आहे. खातं आहे, पत्ता आहे, काळे पट्टे ओढलेले का होईना, कागद आहेत.

मला नऊ वर्षांची असताना कोल्हापूरला एका नातेवाइकांकडे ठेवलं, शिक्षणासाठी. गावात पुढची शाळा नव्हती, वडील गेलेले. ‘आपल्याच माणसांत आहे, काळजी नाही’, असं आई सगळ्यांना सांगायची आणि तिचा त्यावर खरंच विश्वास होता. शाळेआधी भांडी, शाळेनंतर धुणं, उष्ट्यातलं जेवण, लाटण्याचा मार. दुपारी सगळे झोपले की त्या घरातला एक पुरुष जे करायचा ते इथे लिहीत नाही. आई सणावारी यायची. सगळे समोर बसलेले असायचे. बरं चाललंय ना गं तुझं? मी मान हलवायचे. माझ्या लग्नात त्या घराला मानाचा आहेर झाला आणि मी त्या माणसाच्या पाया पडले. आशीर्वाद दिला त्याने.

मी परदेशात पैशासाठी गेले असं गाव समजतं. समजू दे. मी अशा जागी आले जिथे भिंतीवर त्याचा फोटो असलेलं एकही घर नाही. तरी एकदा स्मोकोला, म्हणजे कामातल्या चहाच्या सुट्टीत, एका सहकारी बाईने भारतातल्या अनाथालयांविषयी कळवळून काही म्हटलं, तेव्हा मी फणकारून दहा वाक्यं सुनावली : आमच्याकडे कुणी पोर रस्त्यावर टाकत नाही, शेजारीसुद्धा जेवायला घालतात. सुनावताना मला अगदी बरं वाटलं. तेच ग्रुपवर कुणी लिहिलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आता ह्याला काय करायचं!

वकील मित्राच्या बाजूनेही इथे सांगण्यासारखं आहे, ते लपवत नाही. माओरींमध्येही मूल आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे वाढवायला देण्याची जुनी रीत आहे, फांगाई. सरकारने मुलं उचलून परक्या घरी घातली तेव्हा ही वीणच उसवली, असं ते म्हणतात आणि ते खरं आहे. मूल नात्यात राहावं, हे मलाही पटतं. पण नात्यातल्या घराचंही दार कुणीतरी बाहेरचं वाजवायला हवं आणि मुलाशी एकट्याने बोलायला हवं.

महाराष्ट्रात हे अगदीच नाही असं नाही. अनाथ, निराधार मुलांना कुटुंबात वाढवण्यासाठी बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये मिळतात, नियमात गृहभेटीही आहेत. 2018 पासून अनाथांना नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, हे तर मी इथल्या लोकांना कौतुकाने सांगते. पण त्यासाठी मूल आधी कागदावर यावं लागतं. बीडकडून ऊसतोडीला जाताना आई-बापांनी चुलत्याकडे ठेवलेली पोरगी कुठल्या कागदावर असते? कोल्हापूरला शिकायला ठेवलेली? तिच्यावर अन्याय झाला तर तिची मोजदाद नाही, म्हणून आपला आकडा शून्य, आणि त्या शून्याच्या जोरावर आपण जर्मनीला संस्कृती शिकवणार.

ग्रुपवर मी यातलं काही लिहिलं नाही. तिथे दोघी-तिघी आहेत ज्या त्या घराला ओळखतात.

मात्र यंदा माझ्या भाचीला अकरावीसाठी पुण्याला नात्यातच एका घरी ठेवायचं घाटत होतं. माणसं चांगली आहेत, माझी काही तक्रार नाही. तरी मी बहिणीला सांगितलं, हॉस्टेलला घाल, वॉर्डनला स्वतः भेट, आणि पोरीशी फोनवर बोलताना ती एकटी आहे ना ते आधी विचार. बहीण म्हणाली, ‘ताई, तिकडे राहून तुला आपली माणसं परकी वाटायला लागलीत.’ भाची जुलैपासून हॉस्टेलला आहे. फी मी भरते. बहिणीने अजून बोलणं टाकलेलं आहे.