हो, मी लीद काढते

आज दुपारी पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, एका ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढी शिकलेली तू, आणि शनिवारी घोड्यांची लीद काढायला जातेस?" सगळे हसले. मी गप्प बसले. घाबरून नाही, वयाचा मान ठेवून. पण घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये.

हो, काढते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या वाळवंटातून आणलेल्या मस्टँगची, म्हणजे तिथल्या मोकाट रानघोड्यांपैकी एकीची. ओळखीच्या एका बाईंनी सव्वाशे डॉलरला दत्तक घेतलेली ही तांबूस घोडी. मानेच्या डाव्या बाजूला सरकारी खूण, आणि माणूस दिसला की अंगाला कापरं. पहिल्या दिवशी सहा फुटी कुंपणाच्या आत पाऊल टाकलं तर ती पार कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली. मीही थरथरतच होते.

व्हिसापायी नोकरी सोडून इथे अमेरिकेत आले, तेव्हा साधा बँकेला फोन करायचा तरी नवऱ्याला सांगायचे मी. आपल्यातल्या कितीजणींचं हेच आहे, फक्त कुणी बोलत नाही.

त्या घोडीसमोर उसनं अवसान चालत नाही. पळून जीव वाचवणारा प्राणी तो, तुमचा अडकलेला श्वास त्याला तुमच्याआधी कळतो. एक पाऊल पुढे जायचं, तिचे कान ताठरले की थांबायचं, ती जरा सैलावली की आपण मागे सरायचं. बस. असे अकरा शनिवार. अकराव्या शनिवारी तिने माझ्या तळहातावर ऊन श्वास सोडला आणि ओठ टेकवले.

त्या सोमवारी घरमालकाला मी स्वतः फोन केला, हीटर दुरुस्त करून द्या म्हणून. अडखळले, पण हीटर दुरुस्त होईपर्यंत पिच्छा सोडला नाही.

पोरांना पैसे भरून व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला घालता, तेव्हा कुणी हसत नाही! नेवाडातल्याच कार्सन सिटीच्या तुरुंगात कैद्यांनी हेच मस्टँग माणसाळवलेत. त्यांनाही हसाल?

घोडी माझ्या भल्यासाठी जन्मलेली नाही, हेलिकॉप्टरने हाकलून कळपातून तोडलेली आहे. मान्य. १९७१ च्या कायद्याने जपलेले कळप वाढले, वाळवंटात चारा-पाणी पुरत नाही, तेही मान्य. पण आता ती इथे आहे, आणि तिला कुणीतरी घाई न करणारं माणूस हवंय.

ताई, रागात लिहिलंय. पण एकदा चला माझ्याबरोबर, जुने बूट घालून. डाव्या बाजूने आता ती खरारा करू देते. उजवीकडून अजून नाही, तिकडे परत पहिल्या पावलापासून सुरुवात आहे.