फुगा पानासारखा कुजत नाही

हवेत फुगे सोडण्यावर कुठे बंदी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘रबरी फुगा म्हणजे झाडाचा चीक. तो आठ किलोमीटर वर जातो, गोठून फुटतो, त्याचे तुकडे ओकच्या पानाइतक्याच वेगाने कुजतात. बंदी कशाला? आणि ती पाळणार कोण?’

चीक झाडाचा, हे खरं. पण त्यात गंधक आणि रंग मिसळतात, ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं घालतात, मग तो तापवून पक्का करतात. ही रसायनं रबर टिकावं म्हणूनच असतात. मातीत पडल्यावर तेच रबर झटपट कुजेल कसं? पानाची तुलना आली १९८९ मध्ये फुगे व्यवसायासाठी झालेल्या एका अभ्यासातून. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या प्रयोगात फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि औद्योगिक कंपोस्टमध्ये १६ आठवडे ठेवले होते. त्यांचा आकार बहुतांशी शाबूत राहिला. शिवाय फुगा गिळायला पक्ष्याला एक क्षण पुरतो.

काही फुगे उंचावर फुटतात, पण तुकडे खालीच येतात. कमी भरलेले, गळके किंवा पावसाने जड झालेले फुगे तितके वर जातही नाहीत. २७ सप्टेंबर १९८६ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात सुमारे १४ लाख फुगे एकदम सोडले. पाऊस आला आणि ते शहरावर, ईरी सरोवरावर उतरले. विमानतळाची धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली. प्लास्टिकची रिबीन तर कुजतच नाही.

‘फुग्यांनी असे किती पक्षी मरणार?’ असंही विचारलं जातं. २०१९ च्या एका अभ्यासात १,७३३ मृत समुद्री पक्षी तपासले. फुगा गिळल्यावर मरण्याची शक्यता कठीण प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा ३२ पट निघाली. मऊ रबर आतड्यात अडकून वाट बंद करतं, हे त्याचं कारण.

आता अंमलबजावणी. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात २०२१ पासून मुद्दाम सोडलेल्या प्रत्येक फुग्यामागे २५ डॉलर दंड आहे. मूल १६ वर्षांखालचं असेल आणि मोठ्याने सोडायला सांगितलं असेल, तर दंड त्या मोठ्याला. हातातून निसटलेल्या फुग्यासाठी कुणाला धरत नाहीत. फ्लोरिडा या दुसऱ्या राज्याचा अनुभव जास्त शिकवतो. तिथे पूर्वी २४ तासांत नऊपर्यंत फुगे चालत आणि ‘जैवविघटनशील’ (आपोआप कुजणाऱ्या) फुग्यांना सूट होती. ही सूट म्हणजे मोठी पळवाट, कारण उडालेला फुगा कोणत्या जातीचा हे खालून ओळखायचं कसं? २०२४ मध्ये दोन्ही सवलती काढल्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र वगळलं.

बंदी फुग्यांवर नाही, ते सोडण्यावर आहे. २८ सेंटिमीटरच्या फुग्यात अकरा-बारा लिटर हेलियम मावतो, लिटरमागे साधारण एक ग्रॅम उचल मिळते आणि फुग्याचं स्वतःचं वजन तीनेक ग्रॅम असतं. म्हणजे दहा फुग्यांची ओढ ८०-९० ग्रॅम. खाली १५० ग्रॅमचं वजन बांधलं की ते जागचे हलत नाहीत. साधी हवा भरली तर तेही नको. कार्यक्रम संपला की फुगे फोडा, रिबीन कापा आणि दोन्ही कचराडब्यात टाका.