ढोल्या गणपतीची मागची भिंत

माझे माहेर वाईचे. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, अशी माझी समजूत होती. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची केली आहे, हे वाईतल्या मुलांना ऐकून ठाऊक असते, तसे मलाही होते. पण ती भिंत मी खऱ्या अर्थाने पाहिली वयाच्या ४८ व्या वर्षी, मांडीवर कागद आणि हातात पेन्सिल असताना. देवळाची कड मी सवयीने सरळ काढली, ती समोरच्या देवळाशी जुळेना, आणि तिसऱ्यांदा खोडताना लक्षात आले की दोन्ही बाजू मागे जाऊन एका धारेला मिळतात. ठाऊक असणे आणि पाहणे यांतले अंतर मला त्या सकाळी कळले. त्याला आता सहा वर्षे झाली आणि चित्र काढल्याशिवाय माझा एकही आठवडा गेलेला नाही.

आठवीत असताना एलिमेंटरी परीक्षेसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा "तुझ्या हातात चित्रकला नाही" असे सांगून मला परत पाठवण्यात आले होते. ते वाक्य मी पस्तीस वर्षे खरे मानले. गणित न येणाऱ्या मुलाला आपण शिकवणी लावतो, पोहता न येणाऱ्याला डबा बांधून विहिरीत उतरवतो. चित्र न येणाऱ्याला मात्र ते उपजतच नाही असे सांगून मोकळे होतो. याचा मला आजही राग येतो. ज्याला देवनागरीतला 'ळ' आणि 'क्ष' वळणदार काढता येतो, त्याच्या हाताचा रेषेवर पुरेसा ताबा असतो. कमी पडते ती नजरेची सवय, आणि ती कोणत्याही वयात लावून घेता येते.

रंगांच्या बाबतीतही हेच झाले. मी नदी निळी रंगवत असे. घाटावर फुले विकणाऱ्या एका आजींनी माझा कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, आपली कृष्णा निळी कधी असती व्हय?" मी मान वर केली, पाणी शेवाळी हिरवे होते आणि काठाजवळ त्यात दगडाचा तपकिरी रंग उतरला होता. घाटाचा काळा दगडही काळा नसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकमेकांत मिसळले, की जो जिवंत करडा रंग तयार होतो, तो त्या दगडाच्या जवळ जातो. डबीतला काळा रंग लावला की दगड मरून जातो.

गुरूशिवाय शिकण्याचे मी उदात्तीकरण करणार नाही. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर जलरंग लावल्यावर कागद फुगतो आणि रंग डबक्यासारखा साचतो, हे सांगणारे कोणी नसल्यामुळे मी दोन वर्षे दोष हातालाच देत राहिले. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद पहिल्यांदा वापरला, तेव्हा पातळ रंगाचा हात कागदभर सलग पसरला, आणि मला रडू आले. शिकवणारा भेटत असेल तर जरूर शिकावे. भेटत नाही म्हणून थांबू मात्र नये.

"या वयात कशाला?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. रवींद्रनाथ ठाकूर यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता ते साठीनंतर चित्रांकडे वळले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा त्यांना ६९ वे वर्ष चालू होते. ते महाकवी होते, हे मान्य; पण त्यांचे कवित्व रेषेच्या कामी आयतेच आले असेल, असे मला वाटत नाही. कोऱ्या कागदापुढे त्यांनाही नवशिक्याप्रमाणेच बसावे लागले असणार.

ती मागची भिंत मी आतापर्यंत अकरा वेळा रंगवली आहे. दगड आता बऱ्यापैकी जमतो, पण पाणी जमत नाही. जलरंगात पांढरा फेस दाखवायचा तर तेवढा कागद आधीच कोरा राखावा लागतो, आणि नेमका कुठे राखायचा हे उन्हाळ्यातल्या संथ नदीकडे पाहून समजत नाही. म्हणून या श्रावणात मी वाईला चार दिवस राहणार आहे. पाणी चढले, की पुलावर उभी राहून ते त्या धारेवर कसे फाटते, तेवढेच पाहणार आहे. कागद दुसऱ्या दिवशी काढेन.